सरजाबाईच्या गोधडीतल्या जागा

“ठिवायला दोन हात, इसरायला एक रात.”

बोरीची सरजाबाई हे कुठंही म्हणायची. कुणाची सुई हरवली तरी म्हणायची, कुणाची म्हैस हरवली तरी म्हणायची. म्हैस काही कुणी ठेवत नाही, असं तिला कुणी सांगायला गेलं, तर ती दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं करी आणि सुईच्या नाकात घालता घालता म्हणे, “बांधली व्हती ना दोन हातांनीच?”

सरजाबाई गोधड्या शिवायची. नवरा लवकर गेलेला, एकुलती एक लेक पूर्णेला रेल्वेतल्या माणसाला दिलेली. घरात उरली ती, एक शेळी, एक बाज आणि सुई. कुणाच्या घरी बारसं असो की लेकीची पाठवणी, जुनी लुगडी निघायची आणि सरजाबाईला सांगावा जायचा. ती ओसरीत पाय पसरून बसे, मांडीवर लुगड्याचे थर घेई आणि धावदोरा घालायला लागे. सुई चालायला लागली की समोर बसलेल्या बाईचं तोंड चालायला लागतं. सरजाबाई ऐकायची आणि शिवायची. सुई जशी कापडातून खाली जाते, तसं ऐकलेलं तिच्यात खाली जायचं. फरक इतकाच, की सुई परत वर यायची.

तिची स्वतःची एक गोधडी होती. ती तिच्या दारातल्या बाजेवर कायम अंथरलेली असायची, आल्यागेल्यानं त्यावरच टेकायचं. लाल, हिरव्या, जांभळ्या चिंध्यांचे तुकडे, आणि मधोमध एक निळा. तालुक्याहून कुणी साहेब आला तर तोही त्यावरच बसे. अर्ध्या गावाच्या बायकांनी काय काय कुठं कुठं लपवलंय, ते त्या गोधडीत शिवलेलं होतं, आणि उरलेलं अर्धं गाव त्यावर बसून चहा प्यायचं.

निळा तुकडा पहिला. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडाभर आग पेटली, तेव्हाची गोष्ट. ज्या गावात काही झालं नाही, त्या गावातल्या बौद्ध वस्तीतही बाया दाराला कान लावून पडायच्या. त्या दिवसांत गीताबाईनं पोराच्या शाळेची कागदं पत्र्याच्या डब्यात घालून जमिनीत पुरली. जागा वस्तीबाहेरच्या एका तरी माणसाला ठाऊक असावी, म्हणून ती सरजाबाईच्या कानात सांगितली. सरजाबाईला लिहिता येत नव्हतं. तिनं गीताबाईच्या जुन्या लुगड्याची चिंधी मागून घेतली आणि गोधडीवर लावून टाकली, चार टाके उभे, दोन आडवे, एक गाठ. सहा महिन्यांनी गीताबाई डबा काढायला गेली तर खुणेची बाभळच कुणी तोडून नेलेली. तीन ठिकाणी खणून हात सोलून घेतले, तरी डबा नाही. सरजाबाईनं निळ्या तुकड्यावर बोट फिरवलं आणि सांगितलं, “चुलीच्या कोपऱ्यापासून चार हात. मावळतीकडं.” डबा तिथंच होता. ते पोरगं पुढं परभणीला कारकून झालं.

मग एकेक बाई यायला लागली. सरजाबाईचे कायदे तीनच. चिंधी आपल्या लुगड्याची आपणच आणायची. जागा जिनं सांगितली तिलाच परत सांगायची. नवऱ्याला नाही, सासूला नाही, पोटच्या पोराला नाही. आणि दर नागपंचमीला, बायका झोक्यापाशी जमल्या की, सरजाबाई एकेकीला बाजूला घेऊन तिची जागा तिच्या कानात एकदा म्हणून दाखवणार. “माजा काय भरवसा?” ती म्हणायची. “मी आज हाय, उद्या न्हाई. तुमचं तुमच्या कानात ऱ्हाऊ द्या.”

हे सगळं गावाला पसंत होतं. पसंत नव्हतं ते नर्मदाबाईला.

नर्मदाबाई म्हणजे व्यंकटरावांची बायको. घर मोठं, माळवदाचं. जीभही त्याच मापाची. लपवण्याच्या कलेत आपल्यासारखी बोरीतच काय, जिंतूर तालुक्यात कुणी नाही, असा तिचा दावा होता, आणि तो खराही होता. तिनं लपवलेलं कुणालाच सापडायचं नाही. तिलासुद्धा.

शेजारची कुसुमबाई तिला सांगून सांगून थकली, की बाई, सरजाबाईकडं एक चिंधी लावून टाक, डोक्याचा ताप जाईल. नर्मदाबाई ऐकेना. तिचं म्हणणं असं, की एका बाईच्या पोटात साऱ्या गावाची घरं ठेवायची म्हणजे काय? चोराला दहा घरं फोडावी लागतात, इथं एक बाई फितूर झाली की काम झालं. आणि फितूर नाही झाली तरी तिला ठाऊक असतंच ना? ती आपल्याकडं बघून हसली, की आपल्या मनात येणारच, की हिला आपलं हुलग्याचं मडकं दिसायलंय. कुसुमबाई म्हणाली, “दिसू दे की. मडकं दिसलं म्हणून हुलगे कमी व्हतेत का?” यावर नर्मदाबाईनं मान फिरवली. इज्जत कशाला म्हणतात, हे कुसुमबाईला कधी कळलं नव्हतं, असं तिचं जुनं मत होतं.

मग पंच्याऐंशीच्या वैशाखात तिच्या भाच्याचं लग्न निघालं. ठेवणीतलं लुगडं लोखंडी ट्रंकेत, आणि ट्रंकेची किल्ली तिनं ठेवली होती अशा जागी, जिथं कुणाचं लक्ष जाणार नाही. कुणाचंच गेलं नाही. दोन दिवस घर उलटंपालटं केल्यावर मुंजाजी लोहाराला बोलावून कडी तोडावी लागली. गावात बातमी अशी पसरली, की नर्मदाबाईनं स्वतःच्याच घरावर दरोडा घातला. किल्ली दिवाळीला पणत्यांच्या टोपलीत निघाली, पण ती पुढची गोष्ट.

त्या लग्नाहून परत येताना बैलगाडीत बसून नर्मदाबाईनं पुष्कळ विचार केला. सोय बघावी तर घराची झाकली मूठ दुसऱ्याच्या हाती जाते, मूठ झाकून ठेवावी तर ट्रंक फुटते. बोरी दिसायला लागेस्तोवर तिला तिसरी वाट सापडली होती. सरजाबाईला पारखायचं.

ती हिरव्या लुगड्याची चिंधी घेऊन गेली आणि सरजाबाईच्या कानात म्हणाली, “मनकर्णेचा सातवीचा दाखला उतरंडीतल्या तिसऱ्या मडक्यात हाय. हुलग्याच्या.”

मनकर्णा म्हणजे तिची सून, राणीसावरगावची. सातवी पास झालेली, त्या घरातली पहिली. लग्नात तिनं इतर वस्तूंबरोबर तो दाखलाही आणला होता आणि पहिल्याच आठवड्यात सासूच्या हाती दिला होता. कारण त्या घरात कागद टिकत नसे. व्यंकटरावांच्या हाताला कागद लागला, की त्याची तंबाखूची पुडी व्हायची. लग्नपत्रिका, लाइटबिल, काही सुटत नसे. भिंतीवरच्या कॅलेंडरातला मार्च महिना एप्रिल लागायच्या आतच त्यांच्या कोपरीच्या खिशात गेलेला असायचा. म्हणून नर्मदाबाईनं दाखला युरियाच्या पोत्यातल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळवदाच्या तुळईच्या खाचेत घातला होता. तुळईच्या. हुलग्याच्या मडक्यात नव्हे. हुलग्याचं मडकं ही तिनं लावलेली सापळ्याची कळ.

घरी येऊन तिनं त्या मडक्याच्या झाकणावर चिमूटभर हळद भुरभुरली. कुणी हात लावला तर हळद हलणार, हळद हलली तर सरजाबाई फुटली, हिशेब साधा. रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी नर्मदाबाई उतरंडीपाशी वाकून हळद बघायची. मनकर्णेला वाटलं, सासूबाईंनी नवीन देव मांडला. तिनंही दोन दिवस तिथं हात जोडले.

महिना गेला, आषाढ गेला. हळद हलली नाही. गावात कुणी हुलग्याचं नाव काढलं नाही. नर्मदाबाईला खरं सांगायचं तर थोडी निराशाच आली. नागपंचमीला सरजाबाईनं झोक्याच्या बाजूला नेऊन तिच्या कानात म्हटलं, “उतरंड. तिसरं मडकं. हुलगे.” नर्मदाबाईनं गंभीर मान हलवली आणि मनात हसली. पुढच्या नागपंचमीलाही हसली. चार नागपंचम्या तिनं हे हसू पुरवून पुरवून वापरलं.

अठ्ठ्याऐंशीच्या भाद्रपदात गावात अंगणवाडीची जागा निघाली. ग्रामसेवक घरी येऊन सांगून गेला, की सातवी पास बाई पाहिजे, आणि अशी या आळीत एकच आहे. शुक्रवारी दुपारच्या आत अर्ज जिंतूरला पोचला पाहिजे, सोबत मूळ दाखला. मनकर्णेनं मान खाली घालून ऐकलं. व्यंकटरावांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही, म्हणजे हो. त्या दिवशी भाकरी थापताना मनकर्णेच्या हाताखालचा आवाज बदलला होता, असं नर्मदाबाईला वाटलं. पोरगी पाच वर्षांत कधी काही मागायला आली नव्हती. ती बुधवारी आली.

“आत्याबाई, माजा दाखला द्या.”

नर्मदाबाईनं शिडी लावली, तुळईच्या खाचेत हात घातला. खाचेत वाळवीची कोरडी माती होती. बाकी काही नाही.

पुढं दीड दिवस त्या घरात जे झालं, त्याला शोध म्हणणं सौम्य ठरेल. पलंग उभे राहिले, कणग्या आडव्या झाल्या. नर्मदाबाईनं देव्हाऱ्यातल्या देवांनासुद्धा उचलून त्यांच्या बुडाखाली बघितलं. मग तिला खात्री पटली आणि ती व्यंकटरावांसमोर जाऊन उभी राहिली. व्यंकटरावांनी कोपरीचा खिसा उलटा केला. एक लग्नपत्रिका, अर्धं लाइटबिल आणि जुलै महिना पडला. दाखला नव्हता.

राणीसावरगावच्या शाळेतून नक्कल मिळाली असती, पण एवढ्या लांब जायचं, अर्ज करायचा, वाट बघायची, म्हणजे महिना. तोवर जागा दुसरीला गेली असती. मनकर्णा रडली नाही. बाजेवरच्या गोधडीत सासूच्या लुगड्याचा हिरवा तुकडा तिनं कधीच ओळखला होता. ती गुपचूप सरजाबाईच्या दारी गेली. सरजाबाईनं तिला पाणी दिलं, गूळ दिला, आणि जागा तेवढी दिली नाही.

“कागद तुजा हाय, मान्य,” ती म्हणाली. “पण जागा तुज्या सासूची. तिलाच धाड.”

मनकर्णा घरी येऊन हे सासूला सांगून मोकळी झाली आणि दळण निवडायला बसली. एवढंच पुढं म्हणाली, “उद्या नऊची गाडी हाय.”

नर्मदाबाईला त्या क्षणी दोन गोष्टी एकदम कळल्या. सरजाबाई फुटत नाही, ही एक. आणि सरजाबाईकडं जाऊन काही उपयोग नाही, कारण तिच्या गोधडीत आपणच खोटं शिवून ठेवलंय, ही दुसरी. पारख झाली होती, आणि खोटं नाणं आपलंच निघालं होतं. सून मान खाली घालून खडे वेचत होती. नर्मदाबाईनं तिच्या बोटांकडं एकदा बघितलं. मग पदर सारखा करून निघाली. घरापासून सरजाबाईच्या दारापर्यंत शंभर पावलं असतील. त्यांतलं प्रत्येक तिनं मोजल्यासारखं टाकलं.

सरजाबाई दारात शेळीला पाला टाकत होती. नर्मदाबाई बाजेवर बसली.

“जरा सरक,” सरजाबाई म्हणाली. “तू तुज्याच जागेवर बसलीस.”

नर्मदाबाई चटकन उठली. खाली हिरवा तुकडा होता, तिच्याच लुगड्याचा. तिनं त्याच्याकडं बघत बघत सगळं सांगून टाकलं, की अक्का, मी तुला खोटी जागा सांगितली होती, तुला पारखायला. झाकणावर हळदसुद्धा टाकली होती. खरी जागा तुळई, तिथं आता काही नाही. आता तूच काहीतरी कर.

सरजाबाईला राग आला असेल तर तो शेळीला दिसला असेल, नर्मदाबाईला नाही दिसला.

“खोटं हाय ते मला तवाच कळलं,” ती म्हणाली. “खरी जागा सांगताना बाई आपल्या घराकडं बघती. तू माज्या तोंडाकडं बघायलीस.”

“मग शिवलंस कशाला?”

“माजं काम शिवायचं. निवडायचं न्हाई.” तिनं हिरव्या तुकड्यावर बोट फिरवलं, टाके मोजल्यासारखं. “उतरंड. तिसरं मडकं. हुलगे.”

“अक्का, तितं न्हाई म्हणायले ना मी.”

“बघितलंस?”

“खोटंच सांगितलं तर बघू कशाला?”

सरजाबाई पुन्हा पाल्याकडं वळली. “चार वर्सं तुज्या कानात सांगायले मी. एवढ्यांदा ऐकलं की हात आपोआप तिकडं जातो, बाई. बघ जा.”

नर्मदाबाई घरी आली ती काही आशेनं नव्हे. सरजाबाईला खोटं पाडायची ही शेवटची संधी होती, आणि ती सोडायची तिची जात नव्हती. तिनं वरची दोन मडकी उतरवली. तिसऱ्याचं झाकण काढलं. हुलग्यांत मनगटापर्यंत हात घातला, आणि बोटांना प्लास्टिक लागलं. युरियाच्या पोत्याचं.

मग तिला आठवलं. दोन वर्षांमागं पावसाळ्यात तुळईला वाळवी लागली होती. तिनं घाईघाईनं दाखला काढला आणि घरभर नजर फिरवली, की ठेवू कुठं. तेव्हा मनात आलं होतं, की हुलग्याच्या मडक्याइतकी पक्की जागा या घरात दुसरी नाही. घरात हुलगे कुणी खात नाही, व्यंकटराव त्याला घोड्याचं खाणं म्हणतात. आणि त्या मडक्याचं फक्त सरजाबाईला ठाऊक, आणि ती तर कुणाला सांगत नाही. दोनच दिवसांसाठी म्हणून तिनं तो तिथं घातला होता. त्यानंतर दोनदा नागपंचमी आली, दोनदा खरं कानात पडलं, आणि दोन्हीदा ती मनात हसली होती.

दाखला सुनेच्या हाती देताना तिनं एवढंच म्हटलं, की कसर लागू नये म्हणून हुलग्यांत ठेवला होता. मनकर्णेनं प्लास्टिक उघडून आपलं नाव वाचलं, हळू, बोट ठेवून. “तरीच,” ती म्हणाली. “मी तितं हात जोडलेले वाया गेले न्हाईत.”

शुक्रवारी नऊच्या गाडीनं मनकर्णा जिंतूरला गेली. दाखला पुन्हा त्याच प्लास्टिकमध्ये, छातीशी. घटस्थापना जवळ आली होती, गावभर गोधड्या धुवायची धांदल. सरजाबाईही आपली गोधडी खांद्यावर टाकून ओढ्याकडं निघाली होती. नर्मदाबाईनं तिला दारातच अडवलं. हातात सात चिंध्या होत्या. ट्रंकेची किल्ली, पाटल्या, मधल्या घराचं कुलूप, सगळं एकदाचं सांगून मोकळं व्हायचं, असं तिनं पहाटेच ठरवलं होतं. माणूस बदलतो तेव्हा असाच बदलतो, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला.

सरजाबाईनं सातांतल्या दोन चिंध्या घेतल्या. पाच परत दिल्या.

“सगळं मला सांगितलंस तर तुज्या घरात मी मालकीण अन् तू पाव्हणी. जे हरवलं तर घर बसंल, तेवढंच माज्याकडं. बाकीचं तुजं तू ठिव, अन् तुजं तू इसर.”

“अन् तू गेल्यावर गं?” नर्मदाबाईनं विचारलं. ही गोष्ट तिला पहिल्यापासून टोचत होती. “ही गोधडी कोण वाचंल?”

“कुणी न्हाई. म्हणून तर कानात सांगते.” सरजाबाईनं खांद्यावरचं ओझं सारखं केलं. “एखाद्या बाळंतिणीला द्या. ऊब तर कुटं जात न्हाई.” मग जाता जाता आठवल्यासारखं ती म्हणाली, “दाखल्याचा हिरवा तुकडा तेवढा उसवते. कागद मनकर्णेचा. तिनं तिची चिंधी आणावी अन् तिची जागा सांगावी.”

“अन् मग मला?”

“तुला न्हाई सांगणार.”

“माज्याच घरातली जागा?”

“तुज्याच घरातली.”

नर्मदाबाईच्या तोंडात चांगलं धारदार काहीतरी आलं होतं, पण बाहेर पडताना त्याचं हसू झालं. मागून व्यंकटराव आले. घरात कुठं एखादा बिनकामाचा कागद असेल का, असं त्यांनी विचारलं. तिनं त्यांना पाच चिंध्या दिल्या.

सरजाबाई ओढ्याच्या वाटेला लागली. पाठ किंचित वाकलेली, पाय सावकाश, आणि खांद्यावरून लोंबणाऱ्या गोधडीचा एक काठ पावलागणिक हलायचा. नर्मदाबाई उंबऱ्यावर उभी राहून हिरवा तुकडा शोधत होती. तो दिसला, घडीत गेला, पुन्हा दिसला. मग तिचं लक्ष समोर गेलं. कुसुमबाई झाडू हातात धरून दारात थबकली होती. पलीकडं कुणी रांगोळीची वाटी घेऊन, कुणी कडेवर लेकरू घेऊन उभी होती. आळीच्या पार शेवटाला, वस्तीच्या तोंडाशी, गीताबाई हंडा टेकवून उभी होती. प्रत्येकीची नजर त्या गोधडीवर एकाच ठिकाणी लागलेली, आणि प्रत्येकीचं ठिकाण निराळं.

नर्मदाबाईची नजर कुसुमबाईच्या नजरेला भिडली. दोघींनी एकदमच मान फिरवली, जसं काही दोघी आभाळच बघत होत्या. पुन्हा बघितलं, तेव्हा सरजाबाई ओढ्याच्या उताराला लागली होती. आधी पाय गेले, मग पाठ, आणि सगळ्यात शेवटी ती गोधडी.